अजून नावं चालली आहेत

चित्रपटगृहात उशिरा पोचलेला मनुष्य दाराशी उभ्या असलेल्या बॅटरीवाल्याला धापा टाकत एकच प्रश्न विचारतो, ‘सुरू झाला का?’ आणि बॅटरीवाला त्याला धीर देतो, ‘नाही, अजून नावं चालली आहेत.’ या उत्तरात आपल्या प्रेक्षकाची एक पक्की समजूत दडलेली आहे. नावे म्हणजे चित्रपट नव्हे. पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालावी आणि मग जेवणाला हात लावावा, तसा हा प्रकार. तोवर खुर्ची शोधावी, पोराला मांडीवर घ्यावे, शेंगांची पुडी सोडावी.

प्रस्तुत लेखकाला ही समजूत मान्य नाही. मराठीत या नावांना ‘श्रेयनामावली’ असा एक भारदस्त शब्द आहे आणि तो मला इंग्रजी शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो. ‘क्रेडिट’ म्हटले की सावकाराच्या वहीचा वास येतो. ‘श्रेय’ म्हटले की कोणीतरी कोणाचा तरी मान राखतो आहे असे वाटते. चित्रपटाच्या परीक्षणात कथेला चार परिच्छेद मिळतात, अभिनयाला तीन, संगीताला एक. नावांना ओळसुद्धा मिळत नाही. आपल्यासारख्या दोन-तीन भाषांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाने तरी या नावांकडे लक्ष द्यायला हवे. कारणे पुढे येतीलच.

गोष्ट सांगण्याआधी ती कोणाची आहे हे सांगण्याची रीत काही चित्रपटाने आणली नाही. संस्कृत नाटकात नांदी झाली की सूत्रधार पुढे येतो आणि आज कोणत्या कवीचे कोणते नाटक होणार ते सांगतो. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत तर मौज आहे. सूत्रधार कालिदासाचे नाव घेतो तेव्हा त्याचा साथीदार आक्षेपच घेतो की भास, सौमिल्लक, कविपुत्र असे नामवंत सोडून या आजकालच्या कवीचे नाटक कशाला? म्हणजे नाव पडताक्षणी कुरकुर करणारा प्रेक्षक दीड हजार वर्षांहून अधिक जुना आहे. आपल्या तमाशातही आधी गण, मग गौळण, आणि वगाला हात नंतर. शेवटी पडणाऱ्या नावांचेही तेच. ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस शके १२१२ हे साल येते आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव येते. नऊ हजार ओव्या सांगणाऱ्याच्या ग्रंथात लेखणी चालवणाऱ्याची आठवण ठेवलेली आहे. आजच्या चित्रपटात छायाचित्रकाराच्या तिसऱ्या साहाय्यकाचे नाव शेवटी सरकत वर जाते, त्याची वंशावळ इथपर्यंत नेता येते.

मराठी बोलपटाने ही रीत उचलली ती मोठ्या थाटात. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी आपल्या चित्रपटाच्या आरंभी तुतारी फुंकणारी स्त्री दाखवीत असे. कोणाची स्तुती नाही, घोषणा नाही, फक्त तुतारी. ज्यांनी ती मोठ्या पडद्यावर पाहिली त्यांना अजूनही ‘प्रभात’ म्हटले की आधी कथा आठवत नाही, ती बाई आठवते. आर. के.च्या चित्रपटाआधी पृथ्वीराज कपूर शंकराची पूजा करताना दिसत, मेहबूब खानांच्या चित्रपटाआधी विळा-हातोडा येई. संस्थेचा शिक्का पाहून प्रेक्षक कोणत्या घरी जेवायला बसलो आहोत ते ओळखत असे.

पण मला ‘प्रभात’च्या तुतारीपेक्षा तिच्यानंतर जे येते त्याबद्दल सांगायचे आहे. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला, म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण तो सुरू कसा होतो ते फार थोड्यांच्या ध्यानात असते. आरंभी विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पांडुरंगासमोर तल्लीन होऊन अभंग गातो आहे. आणि लगेच तोच अभंग सालोमालोच्या तोंडी येतो. सालोमालो तो आपला म्हणून देवळात गातो आणि उलट तुकारामच आपली कवने चोरतो असे लोकांना सांगतो. चित्रपटाचा पहिला झगडा भक्ती आणि नास्तिकता यांचा नाही, श्रीमंती आणि गरिबीचाही नाही. तो श्रेयाचा आहे. हे कोणी रचले? याच्याखाली कोणाचे नाव?

अभंगाला छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हते. म्हणून कवीने आपले नाव शेवटच्या चरणात विणून ठेवले. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकाराम, सगळ्यांनी. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. नाममुद्रा म्हणजे कोणालाही कात्रीने कापून टाकता येऊ नये अशा जागी शिवलेली श्रेयनामावली. सालोमालो चोर आहे कारण तो नेमकी तीच शिवण उसवतो. सालोमालोचे नाव तुकोबांच्याच अभंगांतून आलेले आहे, तेव्हा ही काही पटकथाकाराची क्लृप्ती नव्हे. पण पटकथाकार शिवराम वाशीकर आणि दिग्दर्शकद्वय यांनी चित्रपटाची पहिलीच गाठ तिथे मारली, हे त्यांचे शहाणपण.

याच्या पुढे जे घडले ते कोणा लेखकाने रचले असते तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते. ‘संत तुकाराम’मधील ‘आधी बीज एकले’ हे पद महाराष्ट्राच्या तोंडी बसले. ते तुकोबांचेच, असे भल्याभल्यांनी मानले आणि जाणकारांनीही ते गाथेत शोधले. गाथेत ते असणार कसे? ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले होते. ज्या चित्रपटात तुकारामाचे अभंग सालोमालो आपल्या नावावर घेतो, त्याच चित्रपटातले आठवल्यांचे पद जगाने तुकारामाच्या नावावर जमा केले. आठवल्यांना हा सर्वांत मोठा पुरस्कार वाटला असेल तर ते स्वाभाविकच. तरी एक शंका मनात राहते. श्रेयनामावली सर्वांच्या डोळ्यांसमोरून गेली होती. गाथेची पाने चाळणाऱ्यांनी ती चालू असताना काय केले? शेंगांची पुडी सोडली असणार.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुऱ्याचा भाग मुंबई राज्याकडे गेला आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ, तामसी, तलमडगू आणि आता निर्मल जिल्ह्यात गेलेला भैंसा-मुधोळचा भाग, इथल्या मराठी घरांना या सगळ्या तारखा पाठ आहेत, कारण प्रत्येक तारखेला घरातल्या कोणाची तरी शाळेची भाषा बदलली.

मी ज्या पिढीतला आहे तिच्या घरात हे असे होते. वडिलांची पिढी निजामाच्या अमलात शाळेत बसली, तिने पहिली अक्षरे उर्दू गिरवली. आई पैनगंगेपलीकडच्या माहेराहून आलेली, तिला देवनागरी येत असे. आम्ही भावंडे मराठी शाळेत, पण गल्लीत तेलुगू; आणि आमची मुले तेलुगू किंवा इंग्रजी शाळेत. आता अशा घरातील माणसे एका रांगेत बसून हिंदी चित्रपट पाहत आहेत अशी कल्पना करा. त्या काळी हिंदी चित्रपटाचे नाव पडद्यावर तीन लिप्यांत येण्याची चाल होती, रोमन, देवनागरी आणि उर्दू. ती तीन नावे बहुधा एकाच चौकटीत असत. वडील उजवीकडून डावीकडे वाचीत, आई डावीकडून उजवीकडे, आणि शेंडेफळ नुकतीच शिकलेली इंग्रजी अक्षरे मोठ्याने जुळवी. कथेवर पुढे एकमत होवो न होवो, आरंभीच्या त्या एका चौकटीत प्रत्येकाला आपापली ओळ सापडत असे. मला तरी असे दुसरे ठिकाण ठाऊक नाही. बँकेचा फॉर्म, रेशनचे कार्ड, बसची पाटी, यांपैकी कशातही ती सोय नव्हती.

नावांच्याही आधी सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र येते. त्यावर चित्रपटाची भाषा छापलेली असते. हा कागद पुष्कळांना निरर्थक वाटतो. पण जिवती आणि केरामेरी यांच्या मधल्या ज्या गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात आणि जिथे एका घरात दोन राज्यांची कार्डे निघतात, तिथल्या माणसाला हा कागद दाखवा. चित्रपटाला आपली भाषा एका शब्दात सांगता येते, याचा त्याला हेवाच वाटेल.

वाचता न येणाऱ्यांची सोयही आमच्या लोकांनी केली होती. तंबूतल्या टॉकीजमध्ये ज्याला अक्षर येई तो शेजाऱ्यांसाठी नावे मोठ्याने वाची. त्यात आपली हुशारी दाखवण्याचा भाग असे हे खरे, पण रिवाज जुना होता. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला तेव्हा चित्रपट मुका होता आणि कथा पाट्यांवर लिहिलेली असे, इंग्रजीत आणि देवनागरीत. मूकपटांच्या काळात या पाट्या प्रेक्षागृहात वाचून दाखवणारी माणसे असत. बोलपट आल्यावर ती गेली. आमच्याकडे मात्र नावांपुरती बरीच वर्षे टिकली.

नावे वाचणाऱ्याला काय मिळते? मुख्य म्हणजे, लोकांच्या तोंडी फिरणारी माहिती तपासता येते. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) म्हटले की ‘सबकुछ पु. ल.’ हे शब्द पाठोपाठ येतात. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन, नायकाची भूमिका सगळे पु. लं.चे, म्हणून. पण त्यातले भीमसेन जोशींनी गायलेले जे पद आज घराघरांत आहे, ‘इंद्रायणी काठी’, त्याचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे. ‘सबकुछ’ हा शब्द प्रेमाचा आहे, हिशेबाचा नाही. हिशेब श्रेयनामावलीत असतो. तीच गोष्ट बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’ची. १९८८ पासून रविवारी सकाळी गावे ओस पाडणाऱ्या त्या मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. आपल्याकडे त्या काळात ज्या बाबतीत उगीच डोकी तापत असत, त्या बाबतीत हे एक नाव दर रविवारी पडद्यावरून निमूटपणे जात होते. वाचणाऱ्याने वाचले.

नाव मिळवण्यासाठी भांडावे लागले त्यांची यादी मोठी आहे. ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’ देशभर गाजले तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. लता मंगेशकरांचे नाव लोकांना मागून कळले. आणि त्याच लताबाईंनी पुढे उलट केले. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ अशा चित्रपटांना संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या सभागृहातच शांत बसून होत्या, आणि आनंदघन म्हणजे कोण हे दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागले. एकदा नाव हिरावलेले आणि एकदा आपणहून झाकलेले. पहिल्यात अन्याय आहे, दुसऱ्यात ऐट. श्रेयनामावलीत दोन्ही सारखेच दिसतात, हा तिचा दोष म्हणा. सलीम-जावेद मात्र झाकाझाकीच्या भानगडीत पडले नाहीत. ‘जंजीर’च्या (१९७३) जाहिरातीत लेखकांची नावे नाहीत म्हणताच त्यांनी रंगाऱ्याला पैसे देऊन मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. लेखकांनी याला आगाऊपणा म्हणू नये. त्यानंतरच लेखकाचे नाव ठळक पडू लागले.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण याच्या शेजारी ठेवतो. ऑर्सन वेल्सने ‘सिटिझन केन’ (१९४१) मध्ये आरंभी चित्रपटाच्या नावापलीकडे फारसे काही ठेवले नाही, आणि शेवटी दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव येते त्याच पाटीवर छायाचित्रकार ग्रेग टोलंडचे नाव घेतले. पंचविशीतला, सर्वांना अहंकारी वाटणारा पोरगा. पण पाटी वाटून घेतली.

आणि तरीही मला सर्वांत थोर वाटणारी पाटी आपल्या देशातली आहे. श्याम बेनेगल यांचा जन्म सिकंदराबादजवळ त्रिमलगिरीचा, म्हणून तेलंगणवाले त्यांच्यावर हक्क सांगतात; त्यांच्या ‘निशांत’ची (१९७५) पटकथा विजय तेंडुलकरांची, म्हणून आपणही सांगावा. याच जोडीचा ‘मंथन’ १९७६चा. गुजरातच्या दूध संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट झाला. आरंभी निर्माता म्हणून जे नाव येते ते कोणा शेठजीचे नाही. हा चित्रपट गुजरातचे पाच लाख शेतकरी सादर करीत आहेत, अशी ती पाटी आहे. प्रदर्शन झाल्यावर माणसे ट्रक भरभरून ‘आपला’ चित्रपट पाहायला आली. २०२४ साली दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली तेव्हा परदेशी प्रेक्षकांनीही आधी ती पाटीच वाचली असणार. पाच लाख नावे पडद्यावर मावत नाहीत. म्हणून संख्या लिहिली. पण ती संख्या ऐकताना कुठल्याही गुराख्याला आपण त्यात मोजलो गेलो हे कळते. सहकारावर आपल्या मराठीत जेवढी भाषणे झाली तेवढ्यांत मिळून हे काम झालेले नाही.

येथवर मी नावांच्या हक्काविषयी बोललो. कलेविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर वाचक म्हणतील हेडमास्तर हजेरीपटच वाचतो आहे. चांगली श्रेयनामावली गोष्ट सुरू होण्याआधी गोष्टीत बसवते. सत्यजित राय मुळात अक्षरांचे आणि जाहिरातींचे चित्रकार. ‘पथेर पांचाली’ची (१९५५) नावे त्यांनी खरखरीत कागदावर हाताने लिहिलेल्या बंगाली अक्षरांत दिली. खेड्यातल्या पुरोहिताच्या घरची गोष्ट त्या घरच्या पोथीसारखीच उघडते. ‘चारुलता’त (१९६४) ते आणखी पुढे गेले. नावे चालू असताना पडद्यावर फक्त एका बाईचे हात दिसतात. ती रुमालावर एक अक्षर भरते आहे. ते अक्षर इंग्रजी ‘बी’ आहे, भूपती या नवऱ्याच्या नावाचे. नवरा इंग्रजी वर्तमानपत्र चालवतो. बायको बंगालीत जगते, पण नवऱ्यासाठी त्याच्या लिपीतले अक्षर टाका टाका करून विणते. पुढे दोन तास जे उलगडणार आहे ते या रुमालावर आधीच आहे. ज्या घरात नवरा एका लिपीतला आणि बायको दुसऱ्या लिपीतली अशी लग्ने सर्रास होतात, त्या आपल्या मुलखातल्या प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगायला नको.

दुसरे टोक म्हणजे ‘शोले’ (१९७५). गाडी ओसाड स्टेशनात थांबते, जेलर उतरतो, ठाकूरचा रामलाल त्याला घ्यायला आलेला आहे. दोघे घोड्यांवर निघतात आणि राहुल देव बर्मन यांच्या गिटारीवर नावे पडू लागतात. काय घडते? काहीच नाही. दोन माणसे एका गावाला जातात. पण खडकांचे डोंगर, ओसाड वाट, मग माणसांचे गाव, ठाकूरची हवेली हा सगळा नकाशा प्रेक्षकाच्या मनात उमटून जातो. पुढे तीन तास डाकू कोणत्या बाजूने येतील हे कोणाला विचारावे लागत नाही. भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना मी हा भाग आवर्जून पाहायला सांगतो. उशिरा आलेला प्रेक्षक ‘शोले’ पाहतो खरा, पण रामगढ कुठे आहे ते त्याला अखेरपर्यंत नीट कळत नाही.

दक्षिणेत नावांचे प्रकरण वेगळ्याच वळणाने गेले, आणि ते आपण सीमेवरचे लोक रोज पाहतो. तिथे नायकाचे नाव पडले की शिट्ट्या, कागदाचे कपटे, आरत्या. १९९२ च्या ‘अण्णामलै’पासून रजनीकांतच्या नावाची पाटी वेगळी झाली. अंधारात प्रकाशाचे ठिपके जुळत ‘सुपर स्टार’ ही अक्षरे आणि मग नाव. या माणसाचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातला. नवे नाव त्याला के. बालचंदर यांनी १९७५ मध्ये दिले. नाव सोडून एवढे मोठे होता येते, याचा आनंद मानावा की खंत करावी हे मी वाचकांवर सोडतो. मी पडदा पाहताना शिट्टी मात्र वाजवत नाही.

अलीकडे या पद्धतीची कमाल झाली ती ‘आरआरआर’मध्ये (२०२२), आणि तो चित्रपट आपल्याच अंगणातला आहे. आरंभी आदिलाबादचे जंगल, तिथल्या गोंड वस्तीतून पळवून नेलेली मुलगी, आणि तिला सोडवायला निघालेला भीम. कोमाराम भीम म्हणजे १९४० साली जोडेघाटजवळ निजामाच्या फौजेशी लढताना पडलेला आपला माणूस; चित्रपटात त्याचे फक्त नाव आहे, चरित्र नाही. ते असो. राजमौलींनी चित्रपटाचे नाव पडद्यावर आणले ते जवळजवळ चाळीस मिनिटांनी, दोन नायकांची भेट झाल्यावर. नाटकी युक्ती म्हणून ती झकास आहे, चित्रपटगृह दणाणून गेले होते. पण नाव कोणत्या लिपीत आले? तीन इंग्रजी ‘आर’. तेलुगूत त्याचा अर्थ रौद्रं रणं रुधिरं, हिंदीत निराळा. सर्व भाषांत एकच नाव विकता यावे म्हणून कोणत्याही भारतीय लिपीत न बसणारे नाव घेतले. जुन्या चित्रपटाने तिघांना आपापली ओळ दिली होती. नव्याने तिघांची मिळून एकच ओळ केली आणि ती कोणाचीच नाही. माझी या चित्रपटाशी तक्रार एवढीच. बाकी घोडा, वाघ आणि नाच मी पुरेपूर उपभोगला.

मराठी चित्रपटाकडून मात्र माझी अपेक्षा अधिक आहे, म्हणून तक्रारही अधिक. काही मराठी चित्रपटांत आता नाव तेवढे देवनागरीत असते आणि बाकी माणसे रोमनमध्ये उतरतात. ‘दिग्दर्शक’ हा शब्दही इंग्रजी होतो. ज्या भाषेत कमल शेडग्यांसारखा माणूस नाटकांच्या जाहिरातींची अक्षरे असा काढून गेला की नाटक न पाहताही त्याचा स्वभाव अक्षरांवरून ओळखावा, त्या भाषेने हे करावे? दुसरी खोड आभारांची. आमदार, नगरसेवक, हॉटेलचे मालक, बिल्डर यांचे आभार मानता मानता पहिले रीळ संपते. त्यात २०१२ पासून तंबाखूविरोधी इशारा आणि ‘ही कथा काल्पनिक आहे’ हे निवेदन. एवढे सगळे ओलांडून लेखकाचे नाव येते तेव्हा ते बारीक टायपात, पळत येते. घरच्या पडद्यावर तर २०१७ पासून नेटफ्लिक्सने आरंभ गाळून टाकण्याचे बटणच दिले. दूरदर्शनवर आणि नंतर ‘अल्फा मराठी’वर शीर्षकगीत ऐकण्यासाठी लोक आधी येऊन बसत. ‘आभाळमाया’चे मंगेश कुलकर्णींनी लिहिलेले, अशोक पत्कींनी बांधलेले गाणे आमच्याकडच्या तेलुगू शाळेतल्या मुलांनाही येत असे. आता अंगठा आपोआप त्या बटणाकडे जातो.

याने बिघडते काय, असे एका पालकांनी मला विचारले. त्यांचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे, घरी मराठी बोलतो, देवनागरी वाचत नाही. मी त्यांना त्याला मराठी चित्रपट दाखवायला सांगितले, तर म्हणाले, दाखवतो, त्याला सगळे कळते. कळते हे खरेच. संवाद कानाने कळतात, विनोद कळतो, गाणे पाठ होते. चित्रपटात अक्षर ओळखावे लागते अशी जागा बहुतेक वेळा एकच असते, ती नावांची. पुस्तक या मुलाच्या हातात येणार नाही, मराठी वर्तमानपत्र घरी बंद झाले आहे. पडद्यावरची ती पाच मिनिटे हीच त्याची मराठी शाळा. तीही रोमनमध्ये झाली, किंवा बटणाने गाळली, तर त्याला भाषा येईल आणि अक्षर येणार नाही. मग आजीच्या पत्राचे तो काय करील?

निर्मात्यांना माझ्यासारख्याने सांगून उपयोग किती हे मी जाणतो. तरी सांगायचे तर अक्षर मोठे, पाठीमागचे चित्र शांत, आणि नाव इतका वेळ ठेवावे की चौथीतल्या मुलाला ‘ध्वनिसंयोजन’ हा शब्द जोडाक्षरासकट वाचून होईल. आभार शेवटी न्यावेत. त्या वेळी दारे उघडलेली असतात आणि ज्यांचे आभार मानायचे तेही उठून गेलेले असतात.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात गेली काही वर्षे नाटुकल्याची नावे आम्ही फळ्यावर दोन लिप्यांत लिहितो, देवनागरी आणि तेलुगू. राजा, प्रधान, राणी झाल्यावर खाली पडदा ओढणारे दोघे, दिवा धरणारा एक आणि घरून साड्या आणणाऱ्या तिघी यांचीही नावे असतात. अक्षरे मुलेच काढतात. तेलुगू वळणाची सवय झालेल्या हातांना देवनागरीची शिरोरेघ सरळ येत नाही, ती बहुधा टोकाला वर चढते. आम्ही ती तशीच ठेवतो. नाटुकले सुरू होण्याची घंटा झाली तरी पालक त्या फळ्यापुढून हलत नाहीत. आधी आपल्या मुलाचे नाव शोधतात, मग दुसऱ्या लिपीत पुन्हा शोधतात.